तांब्यापासून लांब

या, असे पुढे या. मागे भिंतीला टेकून बसलात तर अर्धी गोष्ट वाटेतच सांडेल. गुडघ्याला गुडघा लागू द्या, कारण आजची गोष्ट एकट्यानं ऐकण्यासारखी नाही. एका वाटीची गोष्ट आहे. त्या वाटीत काय होतं ते कळेपर्यंत एका सुनेच्या पोटात जो गोळा उठला, त्या गोळ्याची आहे. देवानं माणसाला जीभ दिली, आणि गंमत म्हणून तिच्यावर काही शब्द दोन-दोन अर्थांचे ठेवून दिले. त्यातला एक या घरावर कसा उलटला, ते सांगायचं आहे.

एक डोंगरउतार होता आणि उतारावर सातशे झाडं कोकोची. तुम्ही कोकोचं झाड पाहिलं नसेल तर सांगून ठेवावं लागेल. त्याची फळं फांदीच्या टोकाला लागत नाहीत, थेट खोडालाच लगडतात. जणू झाडानं लेकरं कडेवर घेतली आहेत. उताराच्या पायथ्याशी घर. घरात दोनच माणसं, आबा आणि त्यांची सून. मुलगा जहाजावर कामाला, वर्षातून एकदा घरी यायचा. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. बागेचा सगळा भार सुनेवर, आणि सुनेला धीर द्यायचं काम आबांवर. आबा ते काम गात-गात करायचे. देवाची गाणी त्यांना इतकी पाठ होती की शिंक आली तरी ती चालीत यायची.

त्या वर्षी बागेत काळी कूज शिरली.

पहिल्यांदा वरच्या ओळीत एका फळावर नखाएवढा तपकिरी डाग दिसला. सूनबाईनं तो अंगठ्यानं पुसून पाहिला. पुसला गेला नाही. आठवड्यात ते फळ अख्खं काळं झालं, आणि कापल्यावर आत बिया एकमेकींना चिकटून बसलेल्या, वास कुबट. मग दुसरं झाड. मग त्याच्या खालचं. पाऊस वरून खाली वाहतो, कूजही वरून खाली उतरत होती. वरच्या शेजाऱ्याची बाग आदल्या वर्षी अशीच गेली होती. त्यानं झाडं बुंध्यापासून तोडली, त्याचे खुंट इथून दिसायचे. सूनबाई रोज सकाळी तिकडे बघायची नाही असं ठरवायची, आणि रोज बघायची.

इतकी वर्षं त्या बागेला मोरचूद आणि चुन्याचं निळं औषध फवारलं जात होतं. या वर्षी त्यालाही कूज ऐकेना. मग गावोगाव माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली एक ताई आली. वयानं तरुण, पायात चिखलाचे बूट. तिनं झाडांकडे पाहिलंच नाही. वाकून मूठभर माती उचलली, हुंगली आणि म्हणाली, "वहिनी, या मातीत कुणी राहतच नाही हो. गांडूळसुद्धा नाही."

तिनं पिशवीतून एक बाटली काढली. "यात जिवाणू आहेत. मुळांशी वस्ती करतील, मातीत अडकलेलं अन्न झाडाला सोडवून देतील, कुजीला पाय ठेवायला जागा ठेवणार नाहीत. ही मूळ बाटली. गुळाच्या पाण्यात सहा दिवस वाढवायची. दह्याला विरजण लावता ना, तसंच समजा."

आबा खूश झाले. "म्हणजे झाडांना दही!"

सूनबाई खूश झाली नाही. तिच्या कानात 'जिवाणू' हा शब्द शिरला आणि आत जाऊन 'जंतू' झाला. ती सात वर्षांची असताना तिच्या आईला उलट्या सुरू झाल्या होत्या आणि दोन दिवसांत आई गेली होती. पाण्यात जंतू होते, एवढंच तेव्हा मोठ्यांनी सांगितलं. तेव्हापासून ती पाणी उकळायची, गाळायची, पुन्हा उकळायची. आता तीच बाई स्वतःच्या हातानं जंतू वाढवणार होती. बाटली तिनं घरात आणली ती पदरात गुंडाळून. मायेनं नाही, भीतीनं.

ताई गेल्यावर दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. बागेतल्या पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय तिथं फोन लागायचा नाही, आणि लागला तरी अर्धे शब्द वारा खायचा. सूनबाई टाकीच्या कठड्याला धरून उभी होती.

"वहिनी, दोन गोष्टी राहिल्या सांगायच्या! फवारणीचं निळं पिंप वापरू नका. दुसरं भांडं घ्या, स्वच्छ."

"बरं."

"आणि तांब्यापासून लांब ठेवा बरं का! तांब्याचा स्पर्शसुद्धा नको. जीव जाईल!"

"कुणाचा?" सूनबाईनं विचारलं. पण फोन कटला होता.

ती खाली उतरली ती थेट आबांकडे. "आबा, ते पाणी तांब्यापासून लांब ठेवायचंय. नाहीतर जीव जाईल, म्हणाल्या."

आबांनी विचार केला. "बरोबर आहे. पिण्याचा तांब्या जवळ असला की कुणी त्यात बुडवणार, उष्टा हात लागणार. विरजण मरेल. विरजणाचा जीव गं पोरी."

"नाही आबा. आपला जीव म्हणायचं असेल त्यांना. चुकून कुणी पाण्याचा तांब्या समजून प्यायलं तर."

"तुला सगळीकडे मरणच दिसतं."

"तुम्हाला कुठंच दिसत नाही."

यावर दोघंही हसली, पण सूनबाईनं बागेच्या कडेच्या खोपटातला पिण्याचा तांब्या उचलला तो थेट परसातल्या कुंपणाला नेऊन टांगला. त्या दिवसापासून खोपटात पाणी प्यायचं तर ओंजळीनं.

आता भांडं. पिंप नको, स्वच्छ हवं. घरातलं सगळ्यात स्वच्छ भांडं कोणतं? सासूबाईंचं घंगाळ. लग्नात आलेलं, दोन माणसांनी उचलावं असं. तीन वर्षं माळ्यावर पालथं पडलं होतं. आबांनी ते सूनबाईला हाताशी घेऊन खाली काढलं आणि खोपटात नेलं. आतली कल्हई मधेमधे उडाली होती, उरलेली त्यांनी राख आणि लिंबानं अशी घासली की तीही गेली, आणि घंगाळ आतून उगवत्या सूर्यासारखं लाल लखलखलं. आबा त्यात स्वतःचा चेहरा बघून म्हणाले, "तिच्या भांड्यात आहे म्हटल्यावर विरजण नासणार नाही."

तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं असेल, तर तोंडावर हात ठेवा. त्या घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी पाणी गप्प होतं. दुसऱ्या दिवशी फेस आला, बारीक बुडबुडे, कान लावला तर कुजबुज ऐकू यायची. सूनबाई कान लावत नव्हती, आबा लावायचे. "बोलतायत गं, ऐक." तिसऱ्या दिवशी कुजबुज थांबली. सूनबाईनं झाकण उचललं तर पाण्यावर हिरवट छटा.

"आबा, रंग बघा."

"हिरवं झालं! जीव धरला म्हणायचा!"

तिला ते शांत पाणी फेसाळलेल्यापेक्षा जास्त भयंकर वाटलं. घरात खूप जण असावेत आणि एकाएकी कुणीच बोलू नये, तसं. पण तिनं झाकण ठेवलं. घाबरणं हा आपला स्वभावच आहे, असं स्वतःला बजावलं.

चौथ्या दिवशी दुपारी तोडणीच्या बायका आल्या. आल्या आणि खोपटाबाहेरच थांबल्या. त्यांची मुकादम होती, तिला सगळे कोयती म्हणायचे, तिच्या हातातल्या हत्यारामुळे नव्हे, तोंडातल्या. कोयती म्हणाली, "वहिनी, आम्ही असं ऐकलंय की तुम्ही घरात जंतू पाळलेत."

"खत आहे ते. जिवाणूंचं खत."

"एकच झालं. वरच्या ओळीत आणखी सहा झाडं काळी पडली. बाटली आल्यानंतरच ना? आमचे हात आमच्या पोटाला लागतात, बाई. जंतूंत बुडवायला नाही आणले."

जे कोयती बोलत होती तेच सूनबाईच्या मनात चार दिवस घोळत होतं. ती मान खाली घालून उभी राहिली. तिची ती खाली गेलेली मान आबांना दिसली, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

"माझी सून काय विष ढवळते का?" आबा म्हणाले.

"मी तसं कुठं म्हटलं, म्हातारबा?"

"मग काय म्हटलंस?"

"तुम्ही घाला की हात त्यात. आम्ही बघतो."

"हात? हात कशाला, तोंडच घालतो!"

आणि सूनबाई "आबा, नको" म्हणेपर्यंत त्यांनी फळीवरची वाटी उचलली, झाकण सारलं आणि घंगाळात बुडवली. "तांब्या असता तर भरून प्यायलो असतो," ते कोयतीला डोळा मारून म्हणाले, "पण तो लांब ठेवायचा हुकूम आहे." आणि घटाघट वाटी रिकामी केली. मिशी पुसली.

"आंबूस आहे. तोंडात नाणं धरल्यासारखी चव आहे. पण मेलो का? नाही. चला कामाला!"

बायका हसल्या. कोयतीसुद्धा. एकटी सूनबाई हसली नाही. ती आबांच्या गळ्याकडे बघत होती, जिथून ते पाणी खाली गेलं.

दहा मिनिटं गेली असतील. आबा बाकावर बसून गाणं म्हणत होते. दुसऱ्या कडव्याला तोंडात पाणी सुटायला लागलं, तेव्हा ते थुंकले आणि पुढे म्हणू लागले. तिसऱ्या कडव्याला सूर तुटला. पोटावर हात गेला. मग ते बाकावरून घसरून गुडघ्यांवर आले आणि ओकले.

ओकारी हिरवी-निळी होती.

बायका मागे सरकल्या. कुणीतरी म्हणालं, "सांगितलं होतं की नाही." सूनबाईला ते ऐकू आलं नाही. तिला ऐकू येत होता तो एक जुना आवाज, खाटेवरून येणारा, तिच्या आईचा. ती पळत सुटली. टाकीच्या लोखंडी पायऱ्या कशा चढली ते तिला कधीच आठवलं नाही. फोन तिनं दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"ताई, आबा प्यायले! ते खत! वाटीभर!"

पलीकडे ताई चक्क हसली. "अरे देवा! अहो घाबरू नका वहिनी. त्या जिवाणूंनी माणसाचं काही बिघडत नाही. पोट गुरगुरेल फार तर."

सूनबाई कठड्याला टेकली. देवा, तुझे उपकार. आबा म्हणत होते तेच खरं, मला सगळीकडे मरणच दिसतं. खाली बघितलं तर आबा अजून वाकलेलेच होते.

"मग ताई, ओकारी हिरवी का येतेय?"

हसणं थांबलं. "हिरवी?"

"हिरवी-निळी. मोरचुदासारखी."

"वहिनी, खत कशात ठेवलंय?"

"सासूबाईंच्या घंगाळात. चांगलं घासून."

"कसलं घंगाळ?"

"तांब्याचं."

ताई अगदी हळू म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, तांब्यापासून लांब ठेवा म्हणून."

"तांब्या लांबच आहे हो!" सूनबाई ओरडली. "परसात आहे! कुंपणाला टांगलाय!"

"तांब्या नाही, वहिनी. तांबं! तांबं, धातू!"

त्या उंच टाकीवर, दोन्ही हातांनी फोन धरलेल्या बाईच्या डोक्यात तो शब्द उघडला. घंगाळाचा लाल लखलखाट. घासून काढलेली कल्हई. गप्प झालेलं पाणी. जे तिला भय वाटत होतं ते खोटं होतं, आणि ज्याचं भय वाटायला हवं होतं ते भांडं तिनंच खोपटात मांडून ठेवलं होतं.

"ऐका," ताई भराभर सांगू लागली. "मी जिवाणूंसाठी म्हणत होते, ते तर मेलेच. पण आंबट पाण्यात चार दिवस तांबं उतरलंय. ते पाणी विष झालंय. दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता. आणि तिथं जंतू म्हणू नका. जंतू म्हणालात तर भलतेच उपचार करत बसतील. तांबं म्हणा. म्हणा बघू."

"तांबं," सूनबाई म्हणाली.

खाली उतरली तेव्हा कोयतीनं आबांना पाठीवरून धरलेलं होतं. टेम्पोवाल्याला तिनंच हाक मारून आणलं होतं. "मी म्हटलं म्हणून प्यायला म्हातारा," एवढंच ती म्हणाली आणि आबांचं डोकं मांडीवर घेऊन टेम्पोच्या मागच्या फळीवर बसली. वाटेत आबा दोनदा ओकले. कोयतीनं ते ओंजळीत झेललं, ज्या हातांना जंतू नको होते त्याच हातांनी.

आणि सूनबाई? माणसं देवाचं नाव घेतात तसा ती एकच शब्द घेत होती. तांबं, तांबं, तांबं. विसरले तर आबा गेले. खड्ड्यात टेम्पो उडाला की शब्द तोंडातून निसटतोय असं वाटायचं, ती तो पुन्हा पकडायची.

दवाखान्यात कंपाउंडरनं न बघताच लिहायला घेतलं. "उलट्या, पोटदुखी. काय खाल्लं? पाण्यातले जंतू असतील."

"नाही!" अख्खा दवाखाना वळून बघेल अशी ती ओरडली. "तांबं! तांब्याच्या भांड्यातलं आंबट पाणी! चार दिवसांचं!"

आतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी आबांचे कपडे पाहिले, त्यावरचा निळा-हिरवा डाग पाहिला, आणि पेन कंपाउंडरच्या हातातून काढून घेतलं. नळ्या लावल्या, सलाईन चढवलं, रक्ताचा नमुना शहराकडे रवाना. सगळं झाल्यावर त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "बरंचसं ओकून गेलंय, ते चांगलं झालं. आता मूत्रपिंडं काय म्हणतात ते बघायचं. लघवी व्हायला हवी. सकाळपर्यंत झाली नाही, तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुरं केलं असतं तर बरं झालं असतं, कारण उरलेलं वाक्य सूनबाईनं रात्रभर स्वतःच पुरं केलं, शंभर तऱ्हांनी.

ती रात्र मी सांगत नाही. ज्यानं कुणासाठी दवाखान्याच्या बाकावर रात्र काढली आहे त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्यानं काढली नाही त्याला देवानं ती कळू देऊ नये.

सकाळी कोयती बाकावर बसल्या-बसल्या पेंगत होती. आतून आबांचा आवाज आला. घोगरा, तुटका, पण आबांचाच.

"सूनबाई! अगं आत ये. अख्खा दवाखाना माझ्या लघवीची वाट बघत बसलाय. एवढा मान मला लग्नातसुद्धा नव्हता."

पलंगाच्या कडेला टांगलेल्या पिशवीत चार बोटं पाणी जमलं होतं. सूनबाईनं तिथंच जमिनीवर डोकं टेकवलं. देवापुढे टेकवलं की त्या पिशवीपुढे, मला माहीत नाही; तिलाही माहीत नसावं.

भीती एका सकाळीत जात नाही, तीही गेली नाही. यकृत बिघडून डोळे पिवळे होतात का हे बघायला डॉक्टरीणबाई आणखी पाच दिवस आबांच्या पापण्या ओढून बघत राहिल्या. थोडे झाले, मग उतरले. आबा घरी आले ते निम्मे होऊन. काठी लागली ती कायमची. आणि त्यानंतर कधीही कुठलाही पदार्थ चाखला की म्हणायचे, "चांगलाय, पण नाण्याचा वास आहे."

ताई दुसरी बाटली घेऊन आली तेव्हा दारातच रडली. आबा म्हणाले, "रडू नकोस पोरी. शब्द देवाचे आहेत, तुझे नाहीत. पण पुढच्या वेळी फोनवर बोलताना तांबं म्हण, नुसतं तांबं." यावेळी प्लॅस्टिकची बादली होती. फेस दुसऱ्या दिवशी आला आणि सहाव्या दिवसापर्यंत कुजबुज चालूच राहिली. सूनबाईनं स्वतः कान लावून ऐकली. मुळांशी पहिली ओंजळ ओतली ती कोयतीनं, कोपरापर्यंत हात बुडवून.

बाग वाचली का, असं विचाराल. सगळी नाही. कूज त्या वर्षी निम्म्या उतारापर्यंत आलीच. पण तिथं थांबली की थकली, कोण जाणे, पुढच्या वर्षी खालच्या ओळी स्वच्छ राहिल्या. आणि एका सकाळी सूनबाई धावत घरात आली, मूठ बंद करून. आबांपुढे उघडली. तळहातावर मातीत वळवळणारं एक गांडूळ होतं. ती पहिल्यांदाच एखाद्या वळवळणाऱ्या जिवाला न घाबरता धरून उभी होती.

आबा आता नाहीत. त्या दुपारनंतर ते नऊ वर्षं जगले आणि एका संध्याकाळी गाता-गाता कडव्याच्या मध्येच गेले. घंगाळ अजून त्या घरात आहे, माळ्यावर, पालथं. खोपटातला तांब्या मात्र परत जागेवर आला.

चला, उठा आता, पाय अवघडले असतील. एवढंच करा. कधी कोकोच्या वडीचा तुकडा जिभेवर ठेवाल आणि तो विरघळायला लागेल, तेव्हा क्षणभर थांबा, आणि सुनेची मान खाली गेलेली बघवली नाही म्हणून वाटीभर भय घटाघट पिऊन टाकणाऱ्या त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा.